वडील स्वप्नात येऊन पाणी मागतात

नमस्कार मॅडम,

मी कराड तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४४. गेल्या श्रावणात माझे वडील गेले. मूत्रपिंडं निकामी झाली होती. शेवटचे अकरा दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. ते सारखं पाणी मागायचे आणि मी कापूस भिजवून ओठांवर फिरवायची. शेवटच्या रात्री भाऊ म्हणाला, तू घरी जाऊन अंघोळ करून ये, मी थांबतो. पहाटे चारला ते गेले. मी तिथे नव्हते.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला दीड तास लागला. त्यानंतर महिन्याभरानं स्वप्न सुरू झालं. वडील जुन्या घराच्या ओट्यावर बसलेले असतात. म्हणतात, "पोरी, पाणी दे गं." मी तांब्या नळाखाली धरते. पाणी पडत राहतं, पण तांब्या भरत नाही. हाक मारायला जाते तर आवाज फुटत नाही. जाग येते तेव्हा साडेचार-पाच वाजलेले असतात. आधी महिन्यातून एकदा व्हायचं, आता आठवड्यातून दोन-तीनदा होतं.

चुलते म्हणतात, आत्मा तहानलेला आहे, क्रियाकर्मात काहीतरी राहिलं. एकानं विधी सांगितलाय, खर्च चाळीस हजार. मागच्या महिन्यात माझे दात पडल्याचं स्वप्न पडलं. सासूबाई म्हणाल्या, दात पडणं म्हणजे घरातलं माणूस जाणं, आणि पहाटेचं स्वप्न खरं होतं. तेव्हापासून मी ह्यांना मोटारसायकलवर साताऱ्याला जाऊ देत नाही. मुलगा बारावीला आहे. तो म्हणतो, स्वप्नं म्हणजे मेंदूतला कचरा, त्याला काही अर्थ नसतो. मला दोन्ही पटत नाही. स्वप्नं का पडतात? त्यांना अर्थ असतो का? मला आता झोपायची भीती वाटते. (तीन महिन्यांपूर्वी बीपीची गोळी सुरू झाली. बाकी तब्येत ठीक.)

— एक वाचक

ताई,

तुमच्या पत्रात स्वप्न नंतर येतं, पाणी आधी येतं. म्हणून आधी पाण्याचंच बोलू.

मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की लघवी पुरेशी तयार होत नाही. प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. आधी पायांवर सूज दिसते, मग ते फुप्फुसांत उतरतं आणि माणसाला श्वास पुरत नाही. म्हणून अशा रुग्णाला पाणी मोजून देतात. त्याच वेळी त्याची तहान मात्र तीव्र असते, तोंड सारखं कोरडं पडतं. ओल्या कापसानं ओठ आणि जीभ पुसत राहणं ही त्या कोरडेपणावरची खरी शुश्रूषा आहे. तुम्ही ती अकरा दिवस केलीत. वडिलांनी पाणी मागितलं आणि मी दिलं नाही, एवढंच तुमच्या मनात उरलं आहे. कापूस किती वेळा भिजवला, ते कुणी मोजलं नाही. तुम्हीही नाही.

आता तुमचे प्रश्न. तुमच्यासमोर दोन उत्तरं ठेवली गेली आहेत. सासूबाई आणि चुलत्यांच्या मते स्वप्नाचा अर्थ आधीच ठरलेला आहे: दात म्हणजे मृत्यू, तहान म्हणजे अतृप्त आत्मा. मुलाच्या मते अर्थच नाही. दोन्ही पटत नाहीत असं तुम्ही लिहिलंत, आणि मला वाटतं तुमचं मन बरोबर सांगतंय. आपल्याकडे एक जुनी म्हण आहे, तुमच्या आजीनंही ती म्हटली असेल: मनी वसे ते स्वप्नी दिसे. गेल्या सत्तर वर्षांत स्वप्नांवर जे संशोधन झालं, त्यातला बराचसा भाग या पाच शब्दांच्या आसपास येऊन थांबतो.

झोपेत नेमकं काय चालतं ते आधी सांगते, कारण तुमची अर्धी भीती तिथेच आहे. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि त्यांचे मार्गदर्शक नॅथनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की रात्रभर झोप एकसारखी नसते. ॲसेरिन्स्कींनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा लावून रात्र-रात्र नोंदी घेतल्या होत्या. मधूनमधून बंद पापण्यांखाली डोळे वेगानं फिरायला लागायचे आणि मेंदूतल्या लहरी जवळजवळ जाग्या माणसासारख्या दिसायच्या. या झोपेला रेम झोप म्हणतात. त्या वेळी माणसाला उठवलं तर बहुतेक वेळा तो एखादं सविस्तर स्वप्न सांगतो. इतर झोपेतही स्वप्नं पडतात, पण ती सहसा तुटक आणि फिकी असतात. तान्ह्या बाळाची जवळजवळ अर्धी झोप या प्रकारची असते. बाळ झोपेत ओठ हलवतं, हसतं, आणि आपण म्हणतो सटवाई हसवतेय, ती हीच वेळ.

मोठ्या माणसाच्या रात्रीत साधारण दर नव्वद मिनिटांनी ही झोप येते, चार-पाच वेळा. आता नीट लक्ष द्या. पहिली खेप जेमतेम पाच-दहा मिनिटांची असते. पुढे प्रत्येक खेप लांबत जाते आणि सगळ्यात लांब खेप पहाटे येते, अर्ध्या तासाची किंवा त्याहून जास्त. शिवाय पहाटे झोप हलकी झालेली असते, जाग पटकन येते. ज्या स्वप्नातून थेट जाग येते तेच लक्षात राहतं. रात्री अकराला पडलेलं स्वप्न आपण झोपेतच विसरून जातो. म्हणून जवळजवळ प्रत्येकाला आठवणारी ठसठशीत स्वप्नं पहाटेचीच असतात. पहाटेच्या स्वप्नाला आपल्याकडे जो मान मिळाला तो यातून मिळाला असावा, असं मला वाटतं. लोकांनी पाहिलं ते खरं होतं: पहाटेचं स्वप्न वेगळं असतं, लख्ख असतं, मनाला चिकटून राहतं. ते प्रत्यक्षात घडतं हा पुढचा भाग मात्र त्याला नंतर जोडला गेला.

आवाज फुटत नाही, हेही तुम्हाला खूप लागलेलं दिसतं. रेम झोपेत मेंदू अंगातल्या बहुतेक स्नायूंना कुलूप लावतो. श्वासाचा पडदा आणि डोळे चालू राहतात, बाकी हात-पाय ढिले पडतात. फ्रान्समधल्या लिऑन शहरात मिशेल जुव्हे यांनी मांजरांवर हे पाहिलं. मेंदूच्या देठातला एक विशिष्ट भाग निकामी केला की झोपलेलं मांजर उठून अदृश्य उंदरावर झडप घालायचं. म्हणजे कुलूप नसतं तर आपण सगळे स्वप्नातल्यासारखे पळालो असतो. स्वप्नात पाय उचलत नाहीत, ओरडता येत नाही, हा अनुभव जगभर सापडतो आणि त्याचा या कुलपाशी संबंध जोडला जातो. तुमचा गळा कुणी धरलेला नाही आणि वडिलांना हाक मारायला तुम्हाला कुणी मनाई केलेली नाही. (पन्नाशी-साठी ओलांडलेलं कुणी झोपेत खरोखर लाथा मारत असेल, ओरडत पलंगावरून पडत असेल, तर त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यायला हवं. हे कुलूप निकामी होणं कधीकधी कंपवाताची फार आधीची खूण असते. तुमच्यासाठी हे नाही, पण सदर वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात लागू पडेल.)

रेम झोपेत भावनांशी, विशेषतः भीतीशी जोडलेले मेंदूचे भाग जोरात चालू असतात आणि समोरच्या कपाळामागचा, तर्क करणारा, "थांब, हे कसं शक्य आहे?" असं विचारणारा भाग मंदावलेला असतो. म्हणून गेलेले वडील ओट्यावर बसलेले दिसतात आणि तुम्हाला आश्चर्य वाटत नाही. फक्त घालमेल वाटते.

तुमचा मुलगा जे म्हणतो तेही हवेतलं नाही, त्याला गप्प करू नका. १९७७ मध्ये हार्वर्डमधल्या ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी मांडलं की झोपेत मेंदूच्या देठातून आपोआप संकेत उसळतात आणि वरचा मेंदू त्यांना कसंबसं गोष्टीत बसवतो, तीच स्वप्नं. त्याआधी व्हिएन्नात मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडनी नेमकं उलटं म्हटलं होतं, की प्रत्येक स्वप्नात दडपलेली इच्छा वेष पालटून येते. आज फ्रॉइडचं ते टोक फारसं कुणी धरत नाही. पण कचरा म्हणणारं टोकही टिकलेलं नाही. मेंदू गोष्ट जुळवतो हे मान्य केलं तरी प्रश्न उरतोच: तो तुमच्या वडिलांचीच गोष्ट का जुळवतो? मुलाला हे विचारून बघा. त्याला स्वतःला बारावीच्या पेपरचं स्वप्न पडत असणार, पाटणच्या धरणाचं नाही. मला अजूनही बीजगणिताच्या पेपरचं स्वप्न पडतं, आणि तेही ठरावीक वेळी, एखाद्या कामात आपण कमी पडू असं वाटत असतं तेव्हा.

अमेरिकेत कॅल्विन हॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर सामान्य माणसांची हजारो स्वप्नं गोळा केली. १९६६ मध्ये त्यांनी आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी त्यातली एक हजार, शंभर विद्यार्थी आणि शंभर विद्यार्थिनींची प्रत्येकी पाच, अक्षरशः मोजून काढली: कोण आलं, कुठे घडलं, चांगलं घडलं की वाईट, राग किती, मैत्री किती. चित्र फार साधं निघालं. स्वप्नात बहुतेक आपल्या ओळखीची माणसं, ओळखीच्या जागा आणि जागेपणीच्या काळज्या असतात. आणि त्यात सुदैवापेक्षा संकटं जास्त असतात, सगळ्यांच्याच. वाईट स्वप्न पडणं ही तुमच्यावर आलेली खास वेळ नाही.

मग मेंदू हे करतो कशाला? यावर शास्त्रज्ञांचं एकमत झालेलं नाही. ज्या कल्पनेला मला सगळ्यात जास्त आधार दिसतो ती अशी, की झोपेत मेंदू दिवसाचा आणि आयुष्याचा माल पुन्हा हाताळतो, लावतो, जुन्याशी जोडतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात २००१ मध्ये दिसलं की दिवसा एका वाटेवरून पळालेले उंदीर रेम झोपेत असताना त्यांच्या मेंदूतल्या पेशी त्याच वाटेच्या क्रमानं पुन्हा चेततात. उंदीर झोपेत ती वाट पुन्हा चालत होते म्हणा ना. शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी घटस्फोटातून जाणाऱ्या, खचलेल्या माणसांची स्वप्नं अभ्यासली. ज्यांच्या स्वप्नांत तो सोडून गेलेला जोडीदार येत होता, भावनेसकट येत होता, ती माणसं पुढे सावरण्याची शक्यता जास्त दिसली. मी हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. वडील स्वप्नात येतात याचा अर्थ काही बिघडलंय असा होत नाही. तुमचं मन त्या अकरा दिवसांवर अजून काम करतंय. मात्र ते काम एका जागी अडकलंय, तांब्यापाशी.

आपल्या परंपरेत तरी सगळी स्वप्नं भाकितं मानली आहेत का? तेही तसं नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नाचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट म्हणजे पाहिलेलं, श्रुत म्हणजे ऐकलेलं, अनुभूत म्हणजे अनुभवलेलं, प्रार्थित म्हणजे मनापासून हवं असलेलं, कल्पित म्हणजे मनानं रचलेलं, भाविक म्हणजे पुढचं सुचवणारं, आणि दोषज म्हणजे शरीरातल्या बिघाडातून आलेलं. यातले पहिले पाच प्रकार निष्फळ, असं वैद्यानं समजावं, असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. 'भाविक' हा प्रकार त्यांनी मानला होता, ते मी लपवत नाही. त्या एका मुद्द्यावर मी त्यांच्यासोबत नाही. पण तुमचं स्वप्न या यादीत ठेवून पाहा. दवाखान्यात तुम्ही जे भोगलंत ते अनुभूत. वडिलांना पोटभर पाणी द्यायची जी इच्छा होती ती प्रार्थित. आणि चुलते जे वरचेवर बोलले, 'आत्मा तहानलेला आहे', ते श्रुत. ऐकलेलंही स्वप्नात उतरतं, हे इतक्या जुन्या वैद्यांना ठाऊक होतं. तुमच्या कानावर ते वाक्य जितक्या वेळा पडेल तितका तो तांब्या रिकामा राहील.

तुम्ही म्हणाल, संतांना तर स्वप्नात दृष्टांत झाले. झाले. तुकोबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करायला सांगितलं. त्यांना गुरूचा उपदेशही स्वप्नातच झाला. ज्याच्या मनात दिवसरात्र विठ्ठल होता त्याच्या स्वप्नात विठ्ठल आला, यात मला म्हणीचाच अर्थ सर्वांत उंच जागी पोचलेला दिसतो. आणि एक बघा, त्या स्वप्नानं त्यांना काम दिलं. घरातलं कोण मरणार हे सांगितलं नाही, कुणाला साताऱ्याला जाऊ देऊ नको असं सांगितलं नाही.

आता दातांचं. दात पडल्याचं स्वप्न जगभर अनेकांना पडतं. इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये ते तपासलं. मनाच्या ताणाशी त्याचं नातं सापडलं नाही. सापडलं ते सकाळी उठल्यावर दात-हिरड्या-जबडा दुखण्याशी किंवा ताठण्याशी. म्हणजे चरकांच्या भाषेत जवळजवळ दोषज. उद्या सकाळी उठल्या-उठल्या कानाखाली जबड्यावर बोट दाबून बघा. दुखत असेल, ह्यांनी तुम्हाला रात्री दात खाताना ऐकलं असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. दात खाणाऱ्यांसाठी रात्री लावायची पट्टी मिळते.

आणि घरातलं माणूस जाण्याचं? हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ११ कोटी २४ लाख माणसं होती. एक लाखात एकालाच आज रात्री दात पडल्याचं स्वप्न पडलं असं धरा. तरी एका रात्रीत अकराशेहून जास्त माणसं झाली, महिन्यात तेहेतीस हजारांहून जास्त. इतक्या घरांपैकी काही घरांत पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत म्हातारपणानं, आजारानं कुणी ना कुणी जाणारच, स्वप्न पडो वा न पडो. त्या घरांत ते स्वप्न आठवतं, सांगितलं जातं, भाऊबंदांत पसरतं. बाकीच्या हजारो घरांत सकाळी चहा होतो आणि स्वप्न विसरलं जातं. त्यांची गोष्ट सांगायला कुणी येत नाही. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्या प्रकारच्या गोष्टी ऐकल्या आहेत, म्हणून त्या घाबरतात. त्यांच्या मनात तुमच्याबद्दल वाईट नाही. पण ह्यांना साताऱ्याला जाऊ द्या. हेल्मेट घालायला लावा, रात्री उशिरा निघू नका म्हणा. एवढी काळजी पुरे आहे आणि ती खरी उपयोगाची आहे.

कावळा आणि चाळीस हजार याबद्दल लिहिताना मी जपून लिहितेय, कारण तुमच्या श्रद्धेला धक्का लावायचा मला हक्क नाही. कावळा दीड तास आला नाही याची साधी कारणं असतात: घाटावर त्या दिवशी किती पिंड होते, माणसांची गर्दी किती होती, कावळ्यांची पोटं आधीच भरली होती का. पण त्या दीड तासात तुम्ही सगळे पिंडासमोर उभे राहून आपलं काय चुकलं हे शोधत होतात. त्यातून तुमच्या मनात जे बसलं ते मात्र कावळ्यानं बसवलेलं नाही. तुम्ही दहाव्यापर्यंत सगळं रीतीनं केलंत. आता कुणी तुमच्या भीतीवर बोट ठेवून चाळीस हजार मागत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. भीतीपोटी केलेल्या विधीनंतर स्वप्न पुन्हा आलं, आणि ते येऊ शकतं, तर मग आणखी मोठा विधी सांगितला जाईल.

वडिलांच्या नावानं काही करावंसं वाटत असेल तर ते आपल्याच रिवाजात आहे आणि नेमकं पाण्याचंच आहे. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेला घट देतात. तुमच्याकडे कुणी ना कुणी करत असेलच. ती महिन्याभरावर आली आहे. किंवा एसटी स्टँडवर नाहीतर शाळेजवळ उन्हाळाभर पाणपोई चालवा. दोन रांजण, ओलं फडकं, झाकण, ओगराळं, आणि रोज भरणारा माणूस. ते तुम्ही स्वतःच भरलंत तर फार बरं. मी हे उपाय म्हणून सांगत नाही, आत्मा शांत होईल असंही म्हणत नाही. रोज सकाळी तुमच्या हातानं एक भांडं काठोकाठ भरलेलं तुम्ही पाहावं, एवढंच मला वाटतं.

यासोबत झोपेसाठी एक रीत आहे, आणि ती चाचण्यांत तपासलेली आहे. अमेरिकेतले डॉक्टर बॅरी क्रॅको यांनी २००१ मध्ये, लैंगिक अत्याचारानंतर वर्षानुवर्षं दुःस्वप्नं पडणाऱ्या स्त्रियांवर ती वापरून तिचा परिणाम प्रसिद्ध केला. त्यांची दुःस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली. ती अशी. दिवसा, उजेडात, घरात कुणी असताना बसा. रात्री झोपण्याच्या तोंडावर नको. वहीत ते स्वप्न लिहा, पण जसं पडतं तसं नको, तुम्हाला हवं तसं बदलून. कुठे बदलायचं ते तुम्हीच ठरवा. तांब्या भरतो, असं लिहू शकता. नळाऐवजी तुम्ही जुन्या घराच्या आडातून पाणी शेंदता, असं लिहू शकता. वडील पाणी पितात, तांब्या खाली ठेवतात, काहीतरी बोलतात. मग डोळे मिटून ते बदललेलं दृश्य दहा-पंधरा मिनिटं मनात सावकाश चालवा. रोज, निदान दोन-तीन आठवडे. मूळ स्वप्न उगाळत बसू नका. पहिल्या दिवशी रडू येईल, येऊ द्या. खूपच त्रास झाला तर थांबा आणि पुढचं समुपदेशकासोबत करा.

हे खोटं रचणं आहे असं तुम्हाला वाटेल. बृहदारण्यक उपनिषदात स्वप्नाचं वर्णन आहे: तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, मग झोपलेला माणूस स्वतःच रथ, घोडे, रस्ते घडवतो. तुमच्या स्वप्नातला न भरणारा तांब्याही तुमच्याच मनानं घडवला आहे. तो भरलेला घडवायचा हक्कही तुमचाच.

दोन गोष्टी शरीराच्या. स्वप्न महिन्यातून एकदाचं आठवड्यातून दोन-तीनदा कधीपासून झालं ते आठवा. बीपीची गोळी सुरू झाल्यापासून असेल, तर डॉक्टरांना नक्की सांगा. बीटा ब्लॉकर नावाच्या गटातल्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल, काहींना लख्ख आणि भीतीदायक स्वप्नं पडतात. पर्यायी गोळ्या असतात. मात्र आपल्या मनानं गोळी बंद करू नका, अशा गोळ्या एकदम थांबवणं हृदयाला धोक्याचं असतं. दुसरं, तुमच्या गावात नळाला पाणी किती वाजता येतं? पहाटे येत असेल, शेजारी हंडे भरल्याचा आवाज येत असेल, तर तोही स्वप्नात शिरू शकतो. झोपेचे संशोधक विल्यम डिमेंट यांनी १९५८ मध्ये झोपलेल्या माणसांवर पाण्याचे थेंब उडवले आणि काहींनी उठल्यावर पाऊस, गळकं छप्पर अशी स्वप्नं सांगितली. तुमच्याकडे तसंच होतंय असं मी म्हणत नाही. खिडकी लावून झोपून बघा.

महिनाभर हे करूनही झोपायची भीती गेली नाही, दिवसाही बहुतेक वेळ उदास वाटत राहिलं, भूक गेली, जगण्यातच अर्थ नाही असं वाटलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कराडला ते आहेत. त्याआधी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि शेवटच्या रात्रीबद्दल भावाशी एकदा नीट बोला. तुम्ही घरी गेल्यावर वडील काय म्हणाले, जाताना कसे होते, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का, असं पत्रावरून दिसत नाही. त्याच्याजवळ त्या रात्रीचा तुम्हाला न दिसलेला भाग आहे, आणि तोही तो एकटाच वागवत असेल.

वहीत लिहायला बसाल तेव्हा सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडेल. वडील धडधाकट होते तेव्हा शेतावरून आल्यावर पाणी कसे प्यायचे, तांब्या वर धरून की भांड्यात ओतून, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. तिथून करा.